फुफ्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि लसिका ग्रंथी: गोव्यातील रुग्ण व कुटुंबीयांसाठी मार्गदर्शक

फुफ्फुसाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात सापडला आणि शस्त्रक्रिया ठरली की घरातल्या सर्वांचे लक्ष दोनच गोष्टींकडे लागते: फुफ्फुसाचा केवढा भाग काढणार, आणि ऑपरेशन छाती उघडून होणार की दुर्बिणीने. लसिका ग्रंथींचा, म्हणजे लिम्फ नोडचा, उल्लेख संमतीपत्रावर एका ओळीत येतो आणि बहुधा तिथेच राहतो. वास्तविक रोगाचा टप्पा कोणता आणि पुढे केमोथेरपी किंवा औषधी गोळ्या लागतील की नाही, हे ठरवणारी सर्वांत मोलाची माहिती या ग्रंथींतूनच मिळते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी कोणत्या ग्रंथी तपासल्या जाणार हे विचारून घ्यावे आणि शस्त्रक्रियेनंतर त्या खरोखर तपासल्या गेल्या का हे अहवालात पाहावे. या दोन कामांत कुटुंबाने काय करायचे, ते पुढे क्रमाने दिले आहे. हे विवेचन 'नॉन-स्मॉल सेल' या, फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारापुरते आहे. उपचाराचा निर्णय अर्थातच रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

ग्रंथींचे क्रमांक समजून घ्यावेत

छातीतील लसिका ग्रंथींच्या जागांना १ ते १४ असे क्रमांक दिलेले आहेत. आयएएसएलसी या फुफ्फुस-कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला नकाशा आज जगभर वापरला जातो, आणि बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, लिहिलेला अहवाल मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांना किंवा परदेशातल्या नातेवाइकाच्या डॉक्टरांना कळतो तो त्यामुळेच. प्रत्येक जागेला 'स्टेशन' म्हणतात. एका स्टेशनमध्ये एक ग्रंथी असू शकते किंवा अनेक असू शकतात. क्रमांकापुढे उजव्या बाजूसाठी 'आर' आणि डाव्या बाजूसाठी 'एल' लिहितात.

सर्व चौदा क्रमांक पाठ करण्याची गरज नाही. २ आणि ४ ही स्टेशने मुख्य श्वासनलिकेच्या बाजूने असतात. ५ आणि ६ फक्त डावीकडे, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीजवळ असतात. ७ हे स्टेशन श्वासनलिका दोन फुफ्फुसांसाठी जिथे दुभंगते त्या जागेच्या बरोबर खाली असते. ८ अन्ननलिकेला लागून आणि ९ फुफ्फुसाच्या तळाच्या पट्ट्यात असते. १० फुफ्फुसाच्या मुळाशी, ११ फुफ्फुसाच्या दोन खंडांच्या (लोबच्या) मध्ये, आणि १२ ते १४ फुफ्फुसाच्या आतच असतात. ही शेवटची तीन स्टेशने काढलेल्या खंडाबरोबर आपोआप बाहेर येतात.

या क्रमांकांवरूनच 'एन', म्हणजे रोग ग्रंथींत कुठवर पसरला हे सांगणारा दर्जा, ठरतो. कोणत्याही ग्रंथीत रोग नसेल तर एन-०. ज्या बाजूला गाठ आहे त्याच बाजूच्या १० ते १४ मध्ये रोग असेल तर एन-१, आणि त्याच बाजूच्या २ ते ९ मध्ये असेल तर एन-२. ७ क्रमांक दोन्ही बाजूंसाठी एन-२ मध्येच धरतात. विरुद्ध बाजूच्या किंवा हासळीच्या हाडाजवळच्या ग्रंथींत रोग सापडला तर तो एन-३, आणि अशा रुग्णावर सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत. रोग पायरीपायरीने आतून बाहेर सरकतो असा समज आहे, पण १० ते १४ पूर्ण साफ असताना थेट ४ किंवा ७ मध्ये रोग सापडलेले रुग्णही कमी नाहीत. त्यामुळे फुफ्फुसाजवळच्या ग्रंथी साफ दिसल्या म्हणून छातीच्या मध्यभागाच्या (२ ते ९) ग्रंथी न तपासता सोडणे योग्य ठरत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी: पेट-स्कॅनवर चमकलेली ग्रंथी

सीटी आणि पेट-सीटी (टोचलेली किरणोत्सारी साखर जास्त खेचणारे भाग चमकलेले दाखवणारा स्कॅन) या तपासण्या झाल्या की ग्रंथींविषयीचा पहिला अंदाज हाती येतो. हा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. सूक्ष्म प्रमाणात रोग असलेली लहान ग्रंथी स्कॅनवर अगदी सामान्य दिसते. उलट, जुना क्षयरोग, सार्कॉइडोसिस (ग्रंथी सुजवणारा, कर्करोग नसलेला आजार), वर्षानुवर्षे चुलीचा धूर किंवा धूळ श्वासातून जाणे यांमुळे ग्रंथी मोठ्या होतात आणि पेटवर चमकतातही. आपल्याकडे हा दुसरा प्रकार फार महत्त्वाचा आहे. रुग्णाला पूर्वी क्षय झाला होता का, घरी लाकडाची चूल होती का, डिचोली, सत्तरी किंवा सांगे भागातील खाणीवर अथवा वास्कोला कोळशाच्या कामावर नोकरी झाली का, हे सर्व डॉक्टरांनी न विचारताही सांगावे. क्षयाच्या उपचाराची जुनी कागदपत्रे असतील तर ती फाइलमध्ये लावावीत.

केवळ पेटवर ग्रंथी चमकली एवढ्यावरून 'रोग पसरला, आता ऑपरेशन नाही' असा निष्कर्ष काढला जात असेल तर त्या ग्रंथीचा तुकडा तपासला का, हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे, किंबहुना तो विचारलाच पाहिजे. यासाठी एबस नावाची तपासणी करतात. टोकाला सोनोग्राफीचा प्रोब असलेली दुर्बीण तोंडावाटे श्वासनलिकेत घालून, नळीच्या भिंतीपलीकडची ग्रंथी पडद्यावर पाहत सुईने नमुना घेतला जातो. गुंगीचे औषध देऊन ही तपासणी होते आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. एबसने २, ४, ७, १० आणि ११ या स्टेशनांपर्यंत पोहोचता येते. ५ आणि ६ पर्यंत सहसा पोहोचता येत नाही. संशय दाट असूनही सुईच्या नमुन्यात काही मिळाले नाही, तर मानेच्या तळाशी छोटी चीर देऊन मेडियास्टिनोस्कोपी, म्हणजे छातीच्या मध्यभागात दुर्बीण घालून ग्रंथीचा नमुना घेण्याचा, पर्याय राहतो.

स्कॅनवर ग्रंथी साफ दिसल्या तरी काही रुग्णांत शस्त्रक्रियेपूर्वी अशी तपासणी करण्याचा सल्ला युरोपातील छाती-सर्जनांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचना देतात: गाठ ३ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, फुफ्फुसाच्या मध्यभागी असेल किंवा फुफ्फुसाच्या मुळाजवळच्या ग्रंथींविषयी शंका असेल तेव्हा. गाठ लहान, कडेला आणि ग्रंथी साफ असतील तर थेट शस्त्रक्रियेला जाता येते.

तपासणी कुठे होईल आणि खर्च कशातून भागेल याची चौकशी याच वेळी करावी. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन किंवा कमी सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. शस्त्रक्रियेचे पॅकेज, पेट-सीटी आणि एबस यांपैकी काय त्यात बसते हे रुग्णालयातील योजनेच्या कक्षात विचारून शक्यतो लेखी घ्यावे, कारण तोंडी 'होऊन जाईल' यावर विसंबणे महागात पडते.

सर्जनना काय विचारावे

शस्त्रक्रियेची तारीख मिळाल्यावर सर्जनशी जी भेट होते तिच्यात ग्रंथींविषयीचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. पहिला प्रश्न असा: कोणकोणत्या स्टेशनांतील ग्रंथी काढणार? या प्रश्नाचे उत्तर गाठ कोणत्या खंडात आहे त्यावर काही अंशी अवलंबून असते. उजव्या वरच्या खंडातील रोग प्रामुख्याने २ आणि ४ कडे जातो, डाव्या वरच्या खंडातील ५ आणि ६ कडे, तर दोन्हीकडच्या खालच्या खंडांतील ७, ८ आणि ९ कडे. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या कर्करोग आयोगाने ठरवलेला किमान निकष असा आहे की मध्यभागाची किमान तीन वेगवेगळी स्टेशने आणि फुफ्फुसाच्या मुळाकडचे किमान एक स्टेशन तपासले गेलेच पाहिजे. याच आयोगाचा आधीचा निकष किमान दहा ग्रंथींचा होता. तो बदलला हे माझ्या मते उत्तम झाले, कारण ग्रंथी काढताना तुटतात, एकीचे तीन तुकडे होतात आणि मोजणी फुगते. स्टेशनची गणती अशी फुगत नाही.

दुसरा प्रश्न: सॅम्पलिंग करणार की डिसेक्शन? सॅम्पलिंगमध्ये प्रत्येक स्टेशनमधून एखाद-दुसरी ग्रंथी घेतात. डिसेक्शनमध्ये त्या जागेतील सर्व ग्रंथी भोवतालच्या चरबीसह एकत्र काढून घेतात. यांपैकी कोणते चांगले यावर बराच वाद झाला आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिनी चाचणीत डिसेक्शन झालेले रुग्ण अधिक जगल्याचे दिसले. त्यानंतर अमेरिकेत १९९९ ते २००४ या काळात हजारहून अधिक रुग्ण घेतलेल्या झेड-००३० या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले आणि त्यांत दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. मात्र या निष्कर्षाचा अर्धाच भाग लोक सांगतात. त्या चाचणीत प्रत्येक रुग्णाच्या ठरावीक स्टेशनांतील नमुने आधी ऑपरेशन चालू असतानाच तपासले गेले, ते साफ निघाल्यावरच रुग्णाला चाचणीत घेतले गेले, आणि तरीही डिसेक्शन झालेल्या गटात सुमारे ४ टक्के रुग्णांमध्ये सॅम्पलिंगने न दिसलेला एन-२ रोग सापडला. म्हणजे काटेकोर सॅम्पलिंग हे डिसेक्शनच्या तोडीचे ठरले. 'हाताला लागली ती एक ग्रंथी घेतली' अशा सॅम्पलिंगला या चाचणीचा आधार नाही. डिसेक्शनमुळे शस्त्रक्रियेचा वेळ साधारण पंधरा मिनिटांनी वाढला आणि गुंतागुंतीत ठळक वाढ झाली नाही, हेही त्याच चाचणीतून कळले. म्हणून सर्जन डिसेक्शन करणार असतील तर घाबरण्याचे कारण नाही, आणि सॅम्पलिंग करणार असतील तर ते किती स्टेशनांचे, एवढे विचारावे.

गाठ २ सेंटिमीटर किंवा त्याहून लहान असेल तर पूर्ण खंडाऐवजी त्याचा एक भाग काढण्याचा पर्याय हल्ली दिला जातो. जपानमधील जेकॉग-०८०२ (२०२२) आणि अमेरिकेतील सीएएलजीबी-१४०५०३ (२०२३) या चाचण्यांनी त्याला भक्कम आधार दिला आहे. परंतु अमेरिकी चाचणीत ऑपरेशन चालू असताना ग्रंथींचा नमुना गोठवून तपासला आणि तो साफ निघाला तरच रुग्णाला समाविष्ट केले होते. तेव्हा कमी फुफ्फुस काढायचे ठरले असेल तर 'फ्रोझन सेक्शनची सोय आहे का, आणि ग्रंथीत रोग निघाला तर बेत बदलणार का?' हा प्रश्न अगत्याने विचारावा. फुफ्फुस कमी काढणे म्हणजे ग्रंथीही कमी काढणे नव्हे.

दुर्बिणीने, रोबोटने की छाती उघडून, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. ब्रिटनमधील व्हायोलेट चाचणीत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर सावरले आणि ग्रंथींच्या तपासणीत उणेपणा दिसला नाही. ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलेला आहे ती पद्धत चालेल. स्टेशने मात्र सुटता कामा नयेत.

शस्त्रक्रियागृहात काय घडते

येथे कुटुंबाच्या हातात काही नसते, पण एक बारीकसा तपशील माहीत असावा. काढलेल्या ग्रंथी स्टेशननुसार वेगवेगळ्या डब्यांत, प्रत्येक डब्यावर क्रमांक लिहून प्रयोगशाळेत जायला हव्यात. सर्व ग्रंथी एकाच डब्यात 'मेडियास्टिनल नोड्स' (मध्यभागाच्या ग्रंथी) असे लिहून गेल्या तर पॅथॉलॉजिस्ट कितीही निष्णात असला तरी ती ४ मधली की ७ मधली हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाही. अमेरिकेतील मेम्फिस येथील गटाने आधीच क्रमांक छापलेल्या डब्यांचा संच ऑपरेशनच्या टेबलावर ठेवायला सुरुवात केली आणि तेवढ्यानेही तपासणीचा दर्जा सुधारला. शेवटच्या भेटीत 'डबे स्टेशननुसार वेगळे जातात ना?' असे नम्रपणे विचारले तर कोणताही चांगला सर्जन रागावत नाही.

वॉर्डातले दिवस

श्वासाचे व्यायाम, वेदनाशामके, चालणे यांविषयी परिचारिका सांगतातच. ग्रंथी काढल्यामुळे उद्भवणाऱ्या दोन गोष्टींवर मात्र नातेवाइकांचे लक्ष असावे.

पहिली म्हणजे आवाज. स्वरयंत्राची डावी नस महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेऊन वर जाते, आणि ४ एल, ५, ६ या ग्रंथी तिच्या अगदी जवळ असतात. ती दुखावली तर आवाज घोगरा किंवा हवेसारखा होतो आणि पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो. पाणी किंवा पेज पिताना रुग्ण वारंवार ठसकत असेल तर ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घालावे, कारण घास श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. नस केवळ ताणली गेली असेल तर काही महिन्यांत आवाज परत येतो. नाहीतर कान-नाक-घशाचे तज्ज्ञ स्वरपट्टीत इंजेक्शन देऊन उपाय करतात.

दुसरी म्हणजे छातीच्या नळीतून दुधासारखा द्रव येणे. जेवणातील चरबी वाहून नेणारी मोठी लसवाहिनी छातीतूनच जाते आणि ग्रंथी काढताना तिची एखादी शाखा उघडी राहू शकते. शंभरांतल्या एक-दोन रुग्णांत असे होते. रुग्ण उपाशी असताना हा द्रव पांढरा दिसत नाही. जेवण सुरू झाल्यावर नळीला जोडलेल्या बाटलीतला लालसर-पिवळा रंग दुधाळ होऊ लागतो. म्हणून पहिल्या नीट जेवणानंतरच्या दिवशी बाटलीकडे पाहावे. द्रवातील ट्रायग्लिसराइड तपासून निदान पक्के होते आणि बहुतेक वेळा चरबीविरहित आहारावरच गळती थांबते. दिवसाला लिटरभर द्रव येत राहिला तर मात्र पुढची प्रक्रिया करावी लागते.

या आहाराबाबत गोव्यातील घरांत एक घोटाळा हमखास होतो. आहारतज्ज्ञ 'एमसीटी तेल (लसवाहिनीऐवजी थेट रक्तात शोषली जाणारी चरबी) चालेल' असे सांगतात, कोणीतरी ते तेल नारळापासून काढतात असे वाचलेले असते, आणि मग डब्यातून हुमण (नारळाच्या वाटणाची माशांची आमटी) आणि नारळाच्या रसाची सोलकढी येते. नारळाच्या चरबीतील सर्वांत मोठा वाटा लॉरिक आम्लाचा असतो आणि त्याचा बराचसा भाग लसवाहिनीतूनच शोषला जातो. त्यामुळे गळती चालू असेपर्यंत नारळाचा रस, खोबरे, तेलाची फोडणी, तळलेली मासळी आणि सायीचे दही हे सर्व बंद ठेवावे. उकड्या तांदळाची पेज, बिनफोडणीची मुगाची आमटी, उकडलेल्या भाज्या, फळे आणि नारळाशिवाय केलेले आमसुलाचे सार चालते. एमसीटी तेल द्यायचे असेल तर ते दुकानातून त्याच नावाने मिळणारे द्यावे आणि किती द्यायचे ते आहारतज्ज्ञांनी ठरवावे.

अहवाल हाती आल्यावर

हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीचा, अहवाल येण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. डिस्चार्जच्या कागदावर त्याचा सारांश असला तरी मूळ अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि ग्रंथींचा परिच्छेद शोधावा. समजा उजव्या वरच्या खंडाच्या शस्त्रक्रियेनंतर अहवालात असे आहे: ४ आर – ०/३, ७ – ०/४, ९ – ०/१, १० आर – १/२, ११ आर – ०/२, खंडातील ग्रंथी – ०/५. रेघेनंतरचा आकडा तपासलेल्या ग्रंथींचा आणि आधीचा रोग सापडलेल्या ग्रंथींचा. येथे मध्यभागाची तीन स्टेशने तपासली गेली आणि तिन्ही साफ आहेत. १० मध्ये एका ग्रंथीत रोग आहे, म्हणून एन-१. शस्त्रक्रियेपूर्वीच्या स्कॅनवर हाच रुग्ण एन-० असू शकतो. अहवालात 'काळ्या रंगद्रव्याचा साठा' किंवा 'ग्रॅन्युलोमा' (दाहामुळे झालेला पेशींचा छोटा पुंजका) असे लिहिले असेल तर ते धुराचे किंवा जुन्या संसर्गाचे चिन्ह असते, कर्करोगाचे नव्हे. ग्रॅन्युलोमा असल्यास क्षयाची तपासणी व्हायला हवी. रोग ग्रंथीच्या आवरणाबाहेर गेला आहे का, हेही त्याच परिच्छेदात पाहावे.

आता अवघड परिस्थिती. अहवालात ७ क्रमांक नाहीच, किंवा मध्यभागाचे एकच स्टेशन आहे, किंवा खंडातील ग्रंथींचा उल्लेखच नाही, तर काय करावे? सर्वप्रथम, आणि विलंब न लावता, सर्जनमार्फत पॅथॉलॉजिस्टना विनंती करावी की काढलेला खंड पुन्हा तपासून आतल्या १२ ते १४ ग्रंथी शोधाव्यात. हा खंड फॉर्मलिनमध्ये काही आठवडेच जपून ठेवतात, त्यानंतर त्याची विल्हेवाट लागते. मध्यभागाची स्टेशने घेतलीच नसतील तर पुन्हा छाती उघडण्याचा सल्ला सहसा दिला जात नाही. अशा शस्त्रक्रियेला आयएएसएलसीच्या २००५ च्या व्याख्येत 'अनिश्चित' वर्गात धरतात, आणि ही अनिश्चितता मनात ठेवून पुढचे उपचार व स्कॅनचे वेळापत्रक ठरवावे लागते. 'सगळे काढले, काळजी नको' एवढे आश्वासन अशा वेळी अपुरे असते.

टप्पा लिहिताना टीएनएमची (टी म्हणजे गाठ, एन म्हणजे ग्रंथी, एम म्हणजे दूरवरचा प्रसार, या तिन्हींवरून टप्पा ठरवणारी पद्धत) कोणती आवृत्ती वापरली हेही पाहावे. २०२५ पासून नववी आवृत्ती लागू झाली असून तिच्यात एन-२ चे दोन भाग केले आहेत: रोग एकाच स्टेशनमध्ये असेल तर एन-२ए आणि एकाहून अधिक स्टेशनांत असेल तर एन-२बी. टी-१ (लहान) गाठ आणि एन-१ हा रुग्ण आठव्या आवृत्तीत २बी टप्प्यात होता, नवव्या आवृत्तीत तो २ए मध्ये येतो. दोन रुग्णालयांचे कागद जुळत नाहीत असे वाटले तर कारण बहुधा हेच असते.

पुढचे उपचार आणि दुसरे मत

ग्रंथीत रोग सापडला तर शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत सिस्प्लाटिनवर आधारित केमोथेरपीचा विचार होतो. त्याआधी गाठीच्या नमुन्यावर ईजीएफआर, एएलके आणि पीडी-एल१ या, कोणते औषध लागू पडेल हे ठरवायला मदत करणाऱ्या, चाचण्या झालेल्या असाव्यात. ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या १बी ते ३ए टप्प्यांतील रुग्णांना ओसिमर्टिनिब ही गोळी दिल्यावर पाच वर्षांनी ८८ टक्के रुग्ण जिवंत होते आणि औषध न मिळालेल्यांत ७८ टक्के, असे अडौरा चाचणीत दिसले. एन-२ निघाला म्हणून सरसकट रेडिएशन देण्याची जुनी पद्धत मात्र २०२२ मधील लंग-आर्ट चाचणीनंतर मागे पडली आहे.

दुसऱ्या मतासाठी मुंबईला टाटा स्मारक रुग्णालयात जायचे असेल तर केवळ अहवालाच्या झेरॉक्स प्रती पुरत नाहीत. नमुन्याच्या काचपट्ट्या आणि तो ज्यांत जपलेला असतो ते मेणाचे ब्लॉक मागून घ्यावेत. ते मिळण्यासाठी लेखी अर्ज लागतो आणि एक-दोन दिवस जातात, तेव्हा कोकण रेल्वेचे तिकीट त्यानंतरचे काढावे. ब्लॉकवर स्टेशनचा क्रमांक किंवा अहवालाशी जुळणारे अक्षर आहे का, हे घेतानाच पडताळावे. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ब्लॉक ठेवू नयेत, कारण त्यांतील मेण मऊ पडते. हातातल्या पिशवीत, सावलीत न्यावेत. सोबत सर्जनने लिहिलेल्या ऑपरेशन नोटची प्रत असावी. अहवाल आणि नोट यांतील स्टेशने ताडून पाहणे हे दुसरे मत देणाऱ्याचे पहिले काम असते.

उपचार संपल्यानंतर पहिली दोन-तीन वर्षे दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा सीटी स्कॅन करतात. एखाद्या स्कॅनमध्ये छातीत नवी ग्रंथी मोठी दिसली तर उपचार सुरू करण्यापूर्वी तिचा नमुना घेता येईल का हे विचारावे, आणि जुना अहवाल दाखवून ती काढलेल्या स्टेशनमधील आहे की कधीच न तपासलेल्या, हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्यावे.